खांबेट्यांच्या भिंतीवरचे चोक्टॉ

खांबेटेकाकांच्या घरी चहाला गेलात तर चपला काढायच्या आणि डोकं वाकवायचं. देवापुढे नव्हे, वंशावळीखाली. कतारमधल्या मुऐदरच्या आमच्या कंपाउंडमध्ये लोक भिंतीवर उंटाचं चित्र लावतात. काकांनी चोक्टॉ लावलेत. कागदाला कागद चिकटवत ही वंशावळ हॉलमधून निघते, फ्रिजवरून वळते आणि बाथरूममध्ये शिरते. शॉवर सोडला की डोक्यावर थेट मिसिसिपी.

चोक्टॉ हे अमेरिकेतले मूळचे लोक. दोनेकशे वर्षांपूर्वी सरकारने त्यांना मिसिसिपीतल्या घरांतून उठवून पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमाकडे हाकललं. त्यांत मिश्र घरं पुष्कळ. बाप स्कॉटिश व्यापारी, आई चोक्टॉ.

"कुणी गेलं, कुणी मागे राहिलं, कुणी वाटेत थंडीने मेलं. आणि सरकारी यादीत नाव फक्त कर्त्याचं, बाकी घर नुसतं आकड्यात! यल्ला, चला, आता शोधा!" काका गरजतात. आवाज असा, की रास लफानच्या गॅस प्लांटवर भोंग्याच्या जागी यांनाच उभं करता येईल. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मल्याळी फोरमनला चोक्टॉंच्या सहा पिढ्या पाठ झाल्यात. बिचाऱ्याला स्वतःच्या तीनच येतात.

हे खूळ कुठून आलं, ते सगळ्या कंपाउंडला ठाऊक आहे. काकांच्या ऋजुताने ओक्लाहोमातल्या एका चोक्टॉ मुलाशी लग्न ठरवलं. काका फोनवर म्हणाले, "ज्या घराण्याचा पत्ता नाही, तिथे माझी मुलगी जाणार नाही." ती गेली. बोलणं खलास. चार वर्षं झाली त्याला. मधे तिला मुलगा झाल्याचं काकूंकडून कळलं, तेव्हा काकांनी जाहीर केलं, "घराणं शोधतो. सापडलं की मगच फोन."

मग दोन वर्षं आपल्या रीतीने जावयाचा बाप, त्याचा बाप, त्याचा बाप असे चढत चढत ते स्कॉटलंडच्या एका खेड्यात, मेंढ्यांच्या कळपात जाऊन अडकले.

गेल्या शुक्रवारी दुपारी मला हाक आली. ओक्लाहोमातल्या एका ग्रंथपाल बाईंचं उत्तर आलं होतं. "वाच!" मी वाचलं. चोक्टॉंमध्ये पूर्वी कूळ आईकडून धरत, तेव्हा बापांचा माग सोडा आणि आजीची आई शोधा, असं बाईंनी लिहिलं होतं.

"दोन वर्षं मी मेंढ्यांमागे!" काका ओरडले. मग एकदम थांबले. "म्हणजे पोर आईच्या कुळातलं?"

"त्यांच्या रीतीने, हो."

"आई म्हणजे ऋजुता. म्हणजे ते घराणं..."

"तुमचंच!" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पत्ता हवाय? मुऐदर, मशिदीच्या मागे."

काका पेन्सिल घेऊन वंशावळीच्या टोकाशी गेले. शेवटची चौकट कोरी होती. "नाव काय गं त्याचं?"

"मी नाही सांगायची. जिने ठेवलंय तिला विचारा."

काकांनी फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"हॅलो... बाबा?"

भोंगा बंद. काकांनी पेन्सिल चौकटीवर टेकवली. काकूंनी गॅस बारीक केला.

"बाबा, काय झालं? बरे आहात ना?"

"नाव," काका म्हणाले, इतकं हळू की मलाच पुढे वाकावं लागलं. "लिहायचं होतं. बाळाचं."

तिने सांगितलं. "ऐकू नाही आलं," काका म्हणाले, "पुन्हा सांग." तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी चौकटीकडे पाहिलं. नाव पहिल्याच वेळी लिहून झालं होतं.