हात बांधून बटाटे

पर्वत पाटियाच्या आमच्या सोसायटीत गुलाबआप्पांकडे गेलं, की ते आधी पाणी द्यायचे आणि मग पंच्याने तुमचा उजवा हात कमरेला बांधायचे. समोर खिळे ठोकलेला पाट आणि खिळ्यांवर रोवलेला बटाटा. "हं, आता डाव्यानं कापा, भाऊ."

मी बँकेतला माणूस. घरी सुरी कुठे असते तेही मला ठाऊक नव्हतं, पण आप्पांकडे पोतंभर बटाटे चिरले असतील. गॅस सिलिंडर आणणारा गुजराती पोरगाही सुटला नाही. "काका, छोडो ने!" म्हणत तोही बिचारा मांडी घालून बसायचा.

"छान आहे" म्हटलं की आप्पा भडकायचे. "चांगलं शे म्हनू नका. काय खुपनं ते सांगा!" कोणी म्हणे, पाट हलतो. लगेच पाटाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लागायचे, आणि पुन्हा आमचे हात बांधले जायचे. कापडगिरणीतले लूम दुरुस्त करण्यात जन्म गेलेला हा माणूस निवृत्तीनंतर पाटाच्या मागे लागला होता. सोसायटीने त्यांना केव्हाच वेड्यात काढलं होतं.

पाट होता त्यांच्या बायकोसाठी, विमलकाकूंसाठी. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि स्वयंपाकघर सुटलं. दिवसभर दारातल्या खुर्चीवर गप्प बसून असायच्या. बघून जीव तुटायचा.

"मग काकूंनाच विचारा की," मी एकदा म्हणालो.

"तिला? लग्नानंतर चपला आणल्या, तर 'चांगल्या शेत' म्हणाली. पायाला फोड घेऊन चालत होती, मला पत्ता नाही. ती खोट काढणार नाही, भाऊ. आणि अशी बसून बसून ती संपत चालली."

शेवटी एका दुपारी पाट काकूंसमोर जमिनीवर मांडला. त्यांना धरून खाली बसवायला मीच हात दिला. "चांगलं शे," त्या बघताक्षणीच म्हणाल्या. मग सुरी चालवली, थांबल्या, पुन्हा चालवली. आणि एकदम सुरी खाली ठेवली.

"हाई बेकार शे! मना पाय दुमडस नही. माले किती वाकनं पडस!"

आप्पांनी सगळ्यांचे हात बांधले होते, पाय कोणाचाच बांधला नव्हता.

"ऐकलं का, भाऊ? बेकार म्हणाली!" आप्पांचे डोळे भरून आले. आम्ही काकूंना परत खुर्चीवर बसवलं. आप्पांनी पाट उचलून त्यांच्यापुढे धरला. "कितला वर पाहिजे, सांग."

"आखो वर. आते खाले. नीट धरा ना!"

बायको चिडली म्हणून इतका सुखावलेला नवरा मी दुसरा पाहिला नाही.