डॉक्टरांचं वा-पेडल

दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार आणून ठेवली आणि तेव्हापासून त्यांना लोकांच्या दातांपेक्षा लोकांच्या कानांची जास्त कीव येऊ लागली. जगात बहुतेकांना ऐकताच येत नाही, असं त्यांचं ठाम मत झालं. त्यांना स्वतःला वाजवता येत नव्हतं, पण ती बाब वेगळी. वाजवणं हे बोटांचं काम, आणि बोटं काय कुणालाही असतात. कान मात्र देव फार निवडक माणसांना देतो.

सूर जेमतेम हाताशी येतात न येतात तोच डॉक्टरांना वा-पेडल हवंसं वाटू लागलं. वा-पेडल म्हणजे बुटाएवढी, जमिनीवर ठेवायची एक पेटी. तिच्यावर पाय ठेवून टाच आणि चवडा वर-खाली केला की गिटारचा सूर तोंड उघडून मिटल्यासारखा 'वाँव वाँव' बोलतो. डॉक्टरांनी त्याबद्दल इतकं वाचलं, की दाढ काढतानाही ते पेडलच्या आत तारेची कुठली गुंडाळी वापरलीय, या विचारात असत.

"माझ्या भावाला विचारा ना," बायको जेवताना म्हणाली. तिचा धाकटा भाऊ रोज संध्याकाळी एका हॉटेलात गिटार वाजवायचा आणि त्यावर त्याचं घर चालायचं. "त्याचं रोजचं काम आहे ते."

"म्हणूनच नको. रोज तेच केलं की माणसाची जाण मरते. आता रोज स्वयंपाक करणाऱ्यांचंच..." डॉक्टरांनी वाक्य तिथेच सोडलं, कारण ताट अजून अर्धं भरलेलं होतं.

तरी मेहुण्याने न विचारताच सल्ला दिला. "दाजी, पहिलंच आहे ना? मग कुठलंही घ्या. आधी पाय बसू दे, मग बघू."

"कुठलंही घेणारी माणसं जन्मभर कुठलंही वाजवतात," डॉक्टर म्हणाले. मेहुण्याने हसून मान डोलावली. त्याला असल्या गोष्टी लागत नसत, आणि हेही डॉक्टरांच्या मते त्याच्यात जाण नसल्याचंच लक्षण होतं.

वाद्यांच्या दुकानात डॉक्टर गेले ते परीक्षकाच्या थाटात. दुकानदार स्वतः काहीच वाजवत नसे, त्यामुळे त्याचं कुठल्याच गिऱ्हाइकाशी वाजत नसे. त्याने असतील नसतील ती सगळी वा-पेडलं जमिनीवर मांडली. डॉक्टर स्टुलावर बसले, बरोबर आणलेली आपली गिटार मांडीवर घेतली आणि एकेका पेडलवर पाय ठेवून तार छेडू लागले.

आता डॉक्टरांचा पाय हा दंतवैद्याचा पाय. दात कोरायचं यंत्र पायाने चालतं, आणि तिथे पाय जरा जास्त पडला तर रोगी खुर्चीतून उठून छताला लागेल. आयुष्यभर हळुवार दाबण्याची सवय लागलेला तो पाय वा-पेडलवरही पिसासारखा वर-खाली होत होता. आणि वा-पेडलची गंमत अशी, की चवड्याने दणकून दाबून आतलं बटण खट्‌कन वाजल्याशिवाय ते चालूच होत नाही. तोवर पाय कितीही हलवा, गिटार आपली जशीच्या तशी वाजत राहते.

"याचा घसा बसलाय," डॉक्टर पहिल्या पेडलबद्दल म्हणाले.

"बसलाय थोडा," दुकानदार म्हणाला.

"हे नाकात बोलतं. हे बाजूला ठेवा. आणि हे तर निव्वळ प्लॅस्टिक. ऐकवत नाही."

"लोक घेतात हो, काय करायचं."

शेवटी सगळ्यात महागड्या पेडलवर पाय ठेवल्यावर डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. "हे बघा. याला म्हणतात सूर. कसा स्वच्छ, भरदार. कुठे आगाऊपणा नाही." तो सूर अर्थातच त्यांच्या स्वतःच्याच गिटारचा होता, आणि मघापासून तोच वाजत होता.

घरी त्यांनी बायकोला समोर बसवून वाजवून दाखवलं. तिने मन लावून ऐकलं. "आधीसारखंच वाटतंय," ती म्हणाली.

"तुझा कान मिक्सरच्या आवाजावर वाढलाय," डॉक्टर म्हणाले. मग ते फोन घेऊन बसले आणि गिटारवाल्या हौशी लोकांच्या ग्रुपवर त्यांनी लांबलचक परीक्षण लिहिलं. कुठल्या पेडलचा घसा बसला आहे, कुठलं नाकात बोलतं, आणि ज्यांना हा फरक कळत नाही त्यांनी बासरीसुद्धा का वाजवू नये, हे सगळं त्यात होतं. ग्रुपवरची माणसं अशा अपमानासाठी तहानलेलीच असतात. त्यांनी परीक्षण डोक्यावर घेतलं. कित्येकांनी जाऊन डॉक्टरांचंच पेडल आणलं आणि आपल्यालाही स्वच्छ, भरदार वाटतंय, असं कळवलं.

ग्रुपवरच्या एका वकिलाला मात्र हे सहन झालं नाही. ग्रुप त्याने सुरू केला होता आणि तिथे लोकांना तुच्छ लेखण्याचा मान इतके दिवस त्याचा होता. डॉक्टरांनी नाकात बोलणारं ठरवलेलं पेडल नेमकं त्याच्या घरी होतं. त्याने लिहिलं, "लिहिणं सोपं आहे. रविवारी सकाळी दुकानात या. तुम्ही पाठ करून बसा, मी वाजवतो. ओळखून दाखवा."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे होकार कळवला. दुकानदाराने जास्तीच्या खुर्च्या मागवल्या.

त्याच आठवड्यात मेहुणा दाढ भरून घ्यायला दवाखान्यात आला. बाहेर रोगी बसले होते. इंजेक्शनने गाल बधिर व्हायला वेळ होता, तेवढ्यात तो मागच्या खोलीत डोकावला, गिटार गळ्यात अडकवली आणि सवयीप्रमाणे पेडलवर चवडा दणकन मारला. खट् झालं. पाठोपाठ असा एक लांबलचक, हंबरडा फोडल्यासारखा आवाज निघाला, की डॉक्टरांच्या हातातला चिमटा खाली पडला.

"काय केलंस तू? मोडलंस का?"

"मोडलं कुठे? चालू केलं." मेहुण्याची अर्धी जीभ बधिर होती, पण शब्द कळत होते. मग त्याने डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं उमगलं. "दाजी, तुम्ही आजपर्यंत हे चालूच केलं नव्हतं?"

तेवढ्यात बाहेर बसणारी मदतनीस दारात आली. "डॉक्टर, वेटिंगमधले सगळे निघून गेले. आत कुणाचं काय झालं, असं विचारत होते."

डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि मेहुण्याकडून पेडल पुन्हा वाजवून घेतलं. मग आणखी एकदा. त्यांना तो आवाज मुळीच आवडला नाही. भूल न देता दाढ उपटल्यावर माणूस असाच ओरडतो, आणि ते ऐकायला पैसे मोजावेत हे त्यांच्या बुद्धीला पटेना. पण रविवारचं काय? दोन पेडलं एकापाठोपाठ वाजली, तरी त्यांच्या दृष्टीने दोघंही रोगीच होते. कुणाचा घसा बसलाय आणि कुणाचं नाक चोंदलंय, हे ओळखणार कसं?

"तब्येत बरी नाही म्हणून सांगा," मेहुणा म्हणाला.

"वकील काय म्हणेल?"

"मग खरं सांगून टाका. हसतील थोडे आणि विसरतील."

डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने तोंड उघडून खुर्चीत पाठ टेकली. त्या दिवशी दाढ भरताना त्यांचा पाय नेहमीइतका हळुवार पडला नाही.

रविवारी दुकान गच्च भरलं होतं. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांच्या पाठीमागे वकिलाने बाह्या सरसावल्या, गिटार घेतली आणि पहिल्या पेडलवर पाय ठेवून वाजवायला सुरुवात केली. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर.

"फरक आहे हं," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"दुसऱ्यात जरा ऊब होती."

"पहिलं नाकात. डॉक्टर म्हणाले होते तसंच."

डॉक्टरांनी कान टवकारले. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि त्यांचा घाम सुकला. तो स्वच्छ, भरदार सूर त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. त्या सुरावर त्यांनी इतके दिवस जीव टाकला होता, त्याची स्तुती लिहून काढली होती. आयुष्यात कुठला एक आवाज ते झोपेतही ओळखू शकले असते, तर तो हाच. ते सावकाश वळले.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "चवड्याने जोरात दाबा. तुम्ही एकही पेडल अजून चालू केलेलं नाही."

वकिलाने खाली पाहिलं, पाय उचलला आणि जोरात मारला. खट् झालं, आणि मग तो हंबरडा. लोकांनी आधी वकिलाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. आपापल्या घरी आपण जोरात दाबत होतो का, हे आठवण्याचा प्रयत्न कित्येकांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मेहुणा कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत होता आणि ती काही केल्या बांधून होईना.

इथे डॉक्टरांना लाज वाटायला हवी होती. त्याऐवजी त्यांना छातीत काहीतरी फुलल्यासारखं वाटलं. वकिलाने गिटार स्टँडवर ठेवली. "मान्य आहे. तुमच्यासारखा कान नाही आमचा. आता चालू करून वाजवतो. सांगा, यातलं खरं कुठलं?"

फुललेली छाती बसली. सगळे वाट पाहत होते. डॉक्टर उठून उभे राहिले, कारण बसून राहिले असते तर उत्तर द्यावं लागलं असतं.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "मी वा वापरतच नाही. साधा सूर ऐकू यायला लागला, की माणसाला असल्या कुबड्या लागत नाहीत."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसऱ्या वाक्याने मात्र अनर्थ केला. आठवडा संपायच्या आत अर्ध्या ग्रुपने आपापली पेडलं विकायला काढली. 'कुबडी विकणे आहे' असंच त्यांनी लिहिलं. वकील सर्वांत पुढे होता. काहीजण खोक्यासकट पेडल परत करायला गेले, तेव्हा दुकानदाराने डॉक्टरांना फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं गिऱ्हाइकाशी वाजलं. डॉक्टरांनी त्याचंही ऐकून घेतलं नाही. धंदेवाल्या माणसाला सूर काय कळणार, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आपलं पेडल त्यांनी मेहुण्याला देऊन टाकलं. "घेऊन जा. तुझ्या हॉटेलात चालून जाईल."

पुढे बायकोच्या वाढदिवसाला तिने हट्टच धरला, म्हणून डॉक्टर तिला घेऊन त्या हॉटेलात जेवायला गेले. मेहुणा दिव्याखाली उंच स्टुलावर बसून वाजवत होता. मध्येच त्याचा पाय हलला आणि गिटार बोलू लागली. आधी कुरकुरली, मग कुणीतरी जवळचं माणूस दाराआडून हाक मारतं तशी हळू आवाजात आर्जव करू लागली. शेजारच्या टेबलावरचे लोक बोलायचे थांबले. बायकोने पदराने डोळे टिपले. डॉक्टरांचा घास हातातच राहिला, आणि तो तसाच राहिला आहे हे त्यांना बऱ्याच वेळाने कळलं.

गाणं संपलं. डॉक्टरांनी घसा खाकरला.

"वाजवतो बरा," ते म्हणाले. "पण पेडल हलकं आहे. चांगलं असतं तर आणखी मजा आली असती."

"तुम्हीच दिलेलं आहे ते," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी हातातला घास चावून संपवला.

"मग त्याचा पाय चुकतोय," ते म्हणाले.