वाढत्या अंगाचं इंजिन

विमान उडवायला फारशी अक्कल लागत नाही, असं कॉलेजात असताना माझं ठाम मत होतं. हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पातळ कागद, सरस आणि इंजिन. झालं विमान! माझा सांगाडा तर इतका हलका जमला होता की कुणी शिंकलं तरी टेबलावरून उठायला बघायचा. राहिलं होतं फक्त इंजिन. तिथे वडील म्हणाले, "मी येतो. तुला फसवतील."

वडिलांचा एक सिद्धांत होता : वस्तू घ्यावी ती वाढत्या अंगाची. माझा शाळेतला सदरा मला नीट बसायला लागला तेव्हा शाळा संपली होती! बुटांचं म्हणाल, तर आधी मी निघायचो, मग बूट निघायचे.

दुकानदाराने सुपारीएवढं इंजिन पुढे ठेवलं. "या विमानाला हेच."

"जरा मोठं दाखवा," वडील म्हणाले.

त्याने लिंबाएवढं काढलं.

"याहून?"

"अहो काका, विमान काही वाढत नाही!"

"तुमच्याकडची वाढत नसतील."

घरी नारळ आला!

तो बसवताच विमानाने नाक जमिनीला टेकलं आणि शेपूट आकाशाला. म्हणून शेपटीला शिसं बांधलं. तेव्हा कंबर वाकली, म्हणून फळी ठोकली. फळी पेलायची म्हणून पंख लांबवले. आई जाता-येता विचारायची, "पलंग कधी होणार तयार?"

अशातच वडिलांनी ऑफिसात जाहीर केलं, "रविवारी मैदानावर या. चिरंजीवांचं विमान उडणार आहे." जन्मात कधी बढाई न मारलेला माणूस! विमान हललं नाही, तर सोमवारी हे कुठल्या तोंडाने ऑफिसात जाणार? मी भीत भीत विचारलं,

"बाबा, इंजिन बदलू या का?"

"का? कमी पडतंय?"

रविवारी झाडून सगळं ऑफिस हजर. साहेब सहकुटुंब! वडिलांनी इस्त्रीचा कोट चढवलेला. मी देवाचं नाव घेऊन पंख्याला झटका दिला. इंजिन डरकाळलं. विमान थरथरलं, पण जागचं हलेना. एवढ्यात कडाड् असा आवाज झाला आणि नाक, टाकी, सगळा लवाजमा घेऊन इंजिन एकटंच निघालं! साहेबांच्या डोक्यावरून गेलं, कुंपणावरून गेलं आणि पलीकडच्या झुडपांत दिसेनासं झालं. विमान होतं तिथेच होतं.



साहेबांनी हळूच डोकं चाचपलं. ते जागेवर होतं. "उडालं की हो!" ते म्हणाले. "पण हे मागे काय राहिलं?"

धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं. वडिलांनी एकदा कुंपणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कोटाचं बटण लावत शांतपणे म्हणाले,

"ते होय? ते खोकं. त्यातून आणलं होतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला! साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी मुकाट्याने ते खोकं काखोटीला मारलं आणि आम्ही घराकडे निघालो.  कोपऱ्यावर वळताना वडिलांनी पंखावरून हलकेच बोट फिरवलं.

"खोकं सुरेख केलंयस हो," ते म्हणाले.

त्यानंतर आयुष्यात बरीच कामं केली. इतकं कौतुक कशाचंच झालं नाही!