साळिंदर साहेबांची बढती

बाळांनो, एक जंगल होतं. तिथं वाघ राज्य करायचा, म्हणजे तिथं कायद्याचं राज्य होतं. भांडणतंटे खालच्या कोर्टात जायचे. त्या कोर्टात त्र्यंबकराव साळिंदर नावाचे न्यायाधीश नवीनच लागले होते.

त्र्यंबकराव तरुण होते, हुशार होते. पहिल्याच महिन्यात त्यांनी एक निकाल दिला. मधमाश्यांचं पोळं अस्वलाचं नाही, मधमाश्यांचं आहे.

अस्वल वाघाच्या बैठकीतलं. वरच्या कोर्टानं निकाल फिरवला. त्र्यंबकरावांची बदली माळरानावर झाली. तिथं निवडुंग होता आणि ऊन होतं.

ते वरच्या कोर्टातल्या एका वयोवृद्ध कासवाला भेटायला गेले. म्हणाले, "साहेब, माझं चुकलं काय?"

"निकाल दिलात," कासव म्हणालं.

"मग काय देऊ?"

"तारीख द्या. निकालावर अपील होतं. तारखेवर झालेलं पाहिलंय कधी?"

त्र्यंबकरावांना हे पटलं नाही. पण माळरानावरचं ऊन फार होतं. हळूहळू पटलं.

त्यांची पुन्हा जंगलात बदली झाली, तेव्हा सगुणाबाई खारीचा दावा आला. तिच्या ढोलीत एक वानर घुसून बसलं होतं. पिल्लं घेऊन ती उघड्या फांदीवर राहत होती. दावा सरळ होता. ढोलीत अजून तिच्या अक्रोडांची टरफलं पडली होती.

"माझे अशील झाडावर आहेत," वानराचा वकील कोल्हा म्हणाला. "उतरले की हजर करतो."

"पुढची तारीख," त्र्यंबकराव म्हणाले.

पुढच्या वेळी कोल्ह्याला पडसं झालं. त्याच्या पुढच्या वेळी वानराला आजी वारल्याचं आठवलं.

"साहेब, थंडी पडायला लागलीय हो," सगुणाबाई म्हणाली. "पिल्लं लहान आहेत. वर ससाणा फिरतो."

त्र्यंबकरावांचं मन हललं. निकाल जिभेवर आला होता. तेवढ्यात त्यांना माळरान आठवलं.

"कोर्टाला तुमच्याबद्दल सहानुभूती आहे," ते म्हणाले. "पुढची तारीख."

त्या तारखेला पुकारा झाला. खारीच्या बाजूनं कोणी आलं नाही.

"सगुणाबाई कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

पट्टेवाल्या तरसानं मान खाली घातली. "ससाण्यानं नेली, साहेब. पिल्लंही."

त्र्यंबकरावांच्या अंगावरचे काटे सळसळत उभे राहिले. मग कोल्हा अदबीनं उठला.

"दावा लावणारं कोणीच उरलं नाही, साहेब. म्हणजे वाद मिटलाच की."

त्र्यंबकराव बराच वेळ ढोलीच्या दिशेनं बघत राहिले. मग काटे खाली बसले. त्यांनी हुकूम दिला, "दावा निकाली."

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं.

वर्षअखेरीला वरच्या कोर्टानं तपासणी केली. माळरानानंतर त्र्यंबकरावांचा एकही निकाल फिरवला गेला नव्हता. असा न्यायाधीश जंगलात दुसरा नव्हता. त्यांना बढती मिळाली. वाघानं स्वतः हार घातला. वानरानं टाळ्या वाजवल्या, ढोलीतूनच.

तात्पर्य: बाळांनो, उतावीळपणा वाईट. सगुणाबाईनं थोडा धीर धरून जिवंत राहायला हवं होतं. तिला पुढची तारीख नक्की मिळाली असती.