गैरहजर राहण्याची शपथ

लोकशाहीत मतदाराने हजर राहणे महत्त्वाचे असते. पण त्याहून महत्त्वाचे असते ते रीतसर गैरहजर राहणे. मिसिसिपीतल्या पिकन बेंड गावाने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली आहे.

गावच्या महापौरपदाला तिघे उभे होते. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मते कुणालाच मिळाली नाहीत, कारण तिसरे उमेदवार ऐन प्रचारात वारले, तरी त्यांचे मतदार निष्ठावंत निघाले. (वारल्यावर त्यांची मते वाढली, असे जाणकार सांगतात.) म्हणून दुसरी फेरी आली. एकीकडे ओलीटा मीक्स, दुसरीकडे हार्लन प्रूइट. हार्लनना म्हाताऱ्यांचे जेवणघर पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायची होती. नवरा गेल्यापासून व्हर्डी हटो रोज दुपारी त्याच जेवणघरात जेवत असे. घरी एकटीला घास उतरत नसे. त्यामुळे ओलीटाला मत देणे तिला भागच होते.

पण गुडघे! रांगेत उभे राहायची सोय नव्हती. कारण न सांगता आगाऊ मत देण्याचा मान पासष्टीनंतर मिळतो आणि व्हर्डीला पासष्ट पुरी व्हायला थोडे दिवस बाकी होते.

"गुडघेदुखी यात बसत नाही, मिस व्हर्डी," कारकून लमार डीस अदबीने म्हणाले. "त्या दिवशी काउंटीबाहेर असणार का, तेवढं सांगा."

"मागच्या फेरीला सांगितलं होतं की!"

"ती गैरहजेरी संपली. ही नवी."

"अरे, पण हे मेले गुडघे घेऊन जाऊ कुठं मी?"

"ते कायदा विचारत नाही. बाहेर जा म्हणजे झालं."

नियम अगदी चोख होते. नोटरीसमोर शपथ, पाकिटाच्या चिकटवलेल्या तोंडावर आडवी सही, वर साक्षीदाराची सही. आणि मतदानादिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सात काउंटीत (आपल्या भाषेत जिल्ह्यात) पाऊल पडले, की मत बाद. (दोन गल्ल्या चालू न शकणाऱ्या बाईने दिवसभर परगावी बसायचे. सोय म्हणतात ती हीच.)

व्हर्डीने शपथ घेऊन मताचे पाकीट आगाऊ दिले, आणि मतदानादिवशी सकाळीच नणंद नडीनने तिला गाडीत घालून हद्दीपलीकडच्या मासे तळणाऱ्या हॉटेलात नेले. पाहतात तो काय, अर्धे पिकन बेंड तिथे आधीच गैरहजर होते! इतकी उपस्थिती गावच्या एकाही सभेला लाभली नव्हती. हार्लनची माणसे तर हार्लनच्या खर्चाने गोड गार चहाचे पेल्यामागून पेले रिचवत होती. व्हर्डीपुढेही पेला आला.

"त्याच्या चहाला मी तोंड लावायची नाही," व्हर्डी म्हणाली.

दहाच्या सुमारास एक भौगोलिक सत्य उघडकीस आले. हॉटेल पलीकडच्या काउंटीत होते, पण मागच्या अंगणातले संडास अलीकडच्या. तिथे दारातच लमार डीस मांडीवर मतदारयादी घेऊन खुर्चीत बसले होते.

"या, या, संकोच नको," ते म्हणत होते. "नाव तेवढं सांगून आत जा."

पहिले शरण आले ते हार्लनचे प्रचारप्रमुख. "खड्ड्यात गेली लोकशाही!" म्हणत ते आत घुसले. मग रांगच लागली. राज्यातली ती त्या दिवशीची सर्वांत मोठी रांग असावी. (गावच्या मतदान केंद्रावर तीन कर्मचारी आणि एक कुत्रा होता.)

व्हर्डीने चहा टाळला होता, पण सकाळची घरची कॉफी तिला नडत होती. दुपार टळली तशी ती पायावर पाय घट्ट आवळून बसली. चेहरा लालबुंद झाला.

"जा ना गं बाई!" नडीन कळवळली. "एका मतानं काय होतंय?"

"एका मतानं माझं दुपारचं जेवण जातंय. आणि मला हसवू नकोस, तुझ्या पाया पडते!"

सात वाजले आणि व्हर्डी गुडघे विसरून जी सुटली, ती थेट अंगणात. लमार डीस टोपी काढून उठले आणि त्यांनी स्वतः दार उघडून धरले. रात्री निकाल लागला: ओलीटा मीक्स, एका मताने.

हे वाचून हसू येणे साहजिक आहे. आपल्याकडे असली कटकट नाही. मतदानाची सुट्टी लागली की आपण तिला शनिवार-रविवार जोडतो, सातच्या आत गाव सोडतो, वाटेत पोटभर चहा पितो आणि वाटेल तिथे थांबतो. शपथ नको, नोटरी नको, साक्षीदार नको. आपले मत बाद करायला दारात कारकूनसुद्धा बसवावा लागत नाही.