प्रमाणित कचरा

“मिनिटाला अठरा लिटर म्हणे. कुणाच्या घरचं मिनिट?”

रजनीताई ओट्याशी दुधी किसत होत्या. त्यांच्यापासून दोन हातांवर सुधाकरराव वेताच्या बुटक्या बैठकीवर, मोड्यावर बसून, एका नळीच्या तोंडात बघत पुटपुटत होते. नळीनं उत्तर दिलं नाही. रजनीताईंनीही दिलं नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात कुठला प्रश्न आपल्याला आहे आणि कुठला वस्तूला, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं.

सुधाकररावांची सगळी नोकरी एका सरकारी कंपनीत माल तपासून घेण्यात गेली होती. कलकत्त्याला चार वर्षांसाठी झालेली बदली निवृत्तीपर्यंत संपलीच नाही, आणि मग गार्डन रीचकडचा हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट अंगवळणी पडला. सुतळीपासून बॉयलरच्या झडपेपर्यंत त्यांनी जन्मभर मापलं, जोखलं आणि नापास केलं. निवृत्तीनंतर घरात नापास करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. अशात एका दिवशी दोन खोकी आली.

एक मंदारनं बंगळूरहून पाठवलेलं, दुसरं गौरीनं पुण्याहून. दोन्हींत ओलं आणि कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्युम क्लीनर. भावाबहिणींनी एकमेकांना विचारलं नव्हतं, पण सोबतची चिठ्ठी जवळजवळ एकच होती: आईला खाली वाकावं लागू नये म्हणून.

आईला खाली का वाकवत नाही, ते चिठ्ठीत नव्हतं. तसं ते घरातही कुठे नव्हतं. फेब्रुवारीत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं होतं, की दोन्ही गुडघे बदलायला हवेत, लवकर केलेलं बरं, आणि नंतर दीड-दोन महिने घरात हाताशी माणूस लागेल. तेव्हापासून त्या गोष्टीला घरात ‘ते’ म्हणत. ‘ते’ एप्रिलात ठरलं, तर सुधाकरराव म्हणाले, ऊन फार आहे. जूनअखेर ठरलं, तर म्हणाले, पावसात रस्त्यावर पाणी तुंबतं, अँब्युलन्स अडकायची. आता ऑगस्ट होता आणि ‘ते’ दुर्गापूजेनंतर बघू असं चाललं होतं. मंदारच्या ऑफिसात मोठं काम आलेलं. गौरीच्या आभाचं दहावीचं वर्ष. दोघं रोज न चुकता फोन करत आणि विचारत, “बाकी कसं, आई?” बाकी उत्तमच होतं.

“दहा दिवसांत परत करता येतं,” रजनीताई म्हणाल्या. “कुठलं ठेवायचं ते ठरवा आणि मोकळे व्हा.”

“असं कसं ठरवू? मंदारचं परत केलं तर मंदारला लागणार. गौरीचं केलं तर गौरीला.”

“मग चिठ्ठ्या टाका.”

“चाचणी घेऊ,” सुधाकरराव म्हणाले. नळी त्यांनी खाली ठेवली. चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं तेज आलं. “चाचणीचा निकाल कुणाला लागत नाही.”

दुपारपर्यंत वही आखून झाली. कोरडा कचरा तीस गुण, ओला तीस, आवाज दहा, वजन दहा, नळीची लांबी दहा, टाकी रिकामी करण्यातली सोय दहा. दिवाणखान्यातल्या फरशीवर खडूनं एक मीटरचा चौकोन. आणि कचरा. इथे सुधाकरराव कुणाचं ऐकणार नव्हते. कचरा दोघांना सारखा हवा. एकाला भुसा आणि दुसऱ्याला खडे, असं चालत नाही. म्हणून शंभर ग्रॅम जाडे पोहे, पन्नास ग्रॅम रवा, वीस ग्रॅम तुळशीच्या कुंडीतली माती आणि कंगव्यातले केस, असा प्रमाणित कचरा ठरला. ओल्यासाठी दोन लिटर पाणी आणि वाटीभर वरण.

“वरणात हिंग घालू?” रजनीताईंनी विचारलं.

“नको. फोडणीचा डाग वेगळा पडतो.”

प्रत्येक चाचणीआधी चौकोन आरशासारखा पुसायचा, नाहीतर जुनी घाण नव्या मशीनच्या नावावर चढेल, असाही नियम होता. हे काम शेफालीचं, असं सुधाकरराव धरून चालले होते. शेफाली अकरा वर्षं त्या घरी केरफरशी करत होती. तिनं चौकोन पाहिला, पोहे पाहिले.

“दादा जान-बूझके नोंगरा करेगा, हम साफ करेगा, फिर दादा नोंगरा करेगा?” ती रजनीताईंना म्हणाली. “आमि एर मोद्दे नेई, बउदी.” आपण यात नाही, एवढं सांगून ती भांड्यांकडे वळली.

तेव्हा रजनीताईंनी मोडा ओढला, त्यावर बसून फडकं घेतलं आणि चौकोन पुसला. पहिल्या दिवशी सहा वेळा. आईला वाकावं लागू नये म्हणून आलेली दोन्ही यंत्रं शेजारी उभी राहून ते बघत होती.

पहिल्या फेरीला दोन्ही मुलं दोन फोनांवर हजर होती. टीव्हीच्या टेबलावर डावीकडे मंदार, उजवीकडे गौरी. मंदारच्या यंत्रानं पोहे घटाघट ओढले. मग सुधाकररावांनी त्याच टाकीत वरणाचं पाणी ओढायला लावलं. यंत्रानं आधी घशात अडकल्यासारखा आवाज केला, मग मागच्या बाजूनं पिवळा फवारा सोडला.

“बाबा, कागदाचा फिल्टर काढलात का?” मंदारनं विचारलं. “ओल्याच्या आधी तो काढून स्पंजचा लावायचा असतो.”

सुधाकररावांनी झाकण उघडलं. आत कागद, रवा आणि वरण यांचं मिळून थालिपीठ झालं होतं.

“ही फेरी बाद धरा,” मंदार म्हणाला. “यात मशीनचा दोष नाही.”

“मग माझीही बाद धरा,” गौरी म्हणाली. “दादाला दुसरा चान्स, तर मलाही. लहानपणापासून हेच चाललंय.”

दोघांच्याही फेऱ्या बाद झाल्या. रजनीताईंनी चौकोन पुसला, मग भिंत पुसली, आणि पुन्हा वरण लावलं.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे घोषालबाबू वर आले. सकाळपासून डोक्यावर आगगाडी चालल्यासारखं वाटतं, अशी तक्रार करायला ते आले होते; पण दार उघडताच चौकोन, तराजू आणि वही दिसली आणि तक्रार तोंडातच राहिली.

“पोहा?” ते खाली वाकून म्हणाले. “कोलकाता में फ्लोर पर पोहा कौन गिराता है, मोशाय? ये टेस्ट तो पूना का हो गया.”

सुधाकररावांना हे झोंबलं, कारण पटलं. “मग काय गिरना चाहिए?”

घोषालबाबू खाली गेले आणि वर्तमानपत्राच्या पुडीत रोहू माशाचे खवले आणि बाटलीत मोहरीचं तेल घेऊन आले. “ये असली है,” म्हणाले, आणि मोड्यावर बसले. त्या दिवसापासून ते तटस्थ निरीक्षक झाले. घड्याळ त्यांच्याकडे आलं. रजनीताईंच्या स्वयंपाकघरात मासा कधी शिजला नव्हता. आता दिवाणखान्यात त्याचे वीस वीस ग्रॅम मोजून खवले पडू लागले.

कचरा बदलला म्हणून सगळ्या फेऱ्या पहिल्यापासून. पाचव्या दिवशी बेरीज आली: मंदार चौऱ्याहत्तर, गौरी एकोणसत्तर.

“चालेल बाबा,” गौरी फोनवर म्हणाली. “दादाचंच ठेवा. मला काही नाही.”

‘मला काही नाही’ ऐकल्यावर सुधाकरराव बराच वेळ वहीकडे बघत बसले. सहाव्या दिवशी वहीत ‘वायरची लांबी’ असा नवा रकाना उगवला. गौरीच्या यंत्राची वायर दीड मीटरनं मोठी होती. गौरी पुढे गेली. मंदार म्हणाला, “असू दे, तिला आवड आहे या सगळ्याची.” सातव्या दिवशी ‘चाकांचं वळणं’ आलं. आठव्या दिवशी ‘रंग’.

“रंगाला गुण?” रजनीताईंनी विचारलं. त्या तेव्हा चौकोन पुसत होत्या.

“धूळ दिसते की नाही, त्याचा संबंध असतो.”

“अहो, दोघांना सारखे मार्क पडेपर्यंत तुम्ही रकाने वाढवणार.”

“मी कधी कुणाला पदरचे मार्क दिले नाहीत,” सुधाकरराव म्हणाले. नवव्या दिवशी संध्याकाळी दोघांनाही साडेनव्वद गुण होते.

दहावा दिवस रविवार. एक यंत्र न्यायला माणूस दुपारी येणार होता. निर्णायक फेरी सकाळी नऊला ठरली. दोन्ही फोन उघडले. घोषालबाबू धुतलेला कुडता घालून आले. आवाज मोजायचा घोषालबाबूंचा फोन मशीनपासून बरोबर एक मीटरवर आणि फूटभर उंच हवा, म्हणून सुधाकररावांनी तो मोड्यावर ठेवला.

मोडा गुंतला म्हणून रजनीताई सरळ खाली फरशीवर बसल्या. बसताना त्यांनी टीव्हीचं टेबल धरलं आणि दोन्ही मुलं स्क्रीनवर क्षणभर हलली. त्यांनी चौकोन पुसला. चारी कोपरे पुसले. फडकं घडी करून बाजूला ठेवलं. आणि तशाच राहिल्या.

“झालं?” सुधाकररावांनी विचारलं. त्यांच्या हातात वरणाचं पातेलं होतं.

“झालं.”

“मग बाजूला हो. ओततो.”

“ओता.”

“अगं, तू चौकोनात आहेस.”

“हो.”

घोषालबाबूंनी घड्याळ सुरू केलं होतं, ते तसंच चालू होतं.

“आई, पायाला मुंग्या आल्या का?” मंदारनं विचारलं.

“नाही.”

“गारठ्यानं होतं असं,” गौरी म्हणाली. कलकत्त्यात तेव्हा अंगाला चिकटणारा उकाडा होता. “बाबा, ओली टेस्ट नंतर घ्या. आधी आवाज घेऊन टाका.”

“हो, हो. बसू दे तिला जरा,” मंदार म्हणाला. “आई, निवांत बस तू.”

“बसलेय,” रजनीताई म्हणाल्या.

घोषालबाबू उठले. “बउदी, एक हाथ हमको दीजिए.” रजनीताईंनी दिला. घोषालबाबूंनी ओढलं, सुधाकररावांनी पातेलं ठेवून दुसरा हात ओढला. रजनीताई वीतभर वर आल्या, त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज आला, आणि त्या परत खाली टेकल्या. तो आवाज मोड्यावरच्या फोननं नोंदवला असणार. आकडा कुणी वाचला नाही.

“तेल सांडलंय का तिथे?” मंदार म्हणाला. “घसरत असेल ती.”

“चटई द्या ना खाली,” गौरी म्हणाली.

“एक तकिया,” घोषालबाबू म्हणाले.

रजनीताई पदरानं कपाळ पुसत नवऱ्याकडे बघत होत्या. सुधाकररावांनी सवयीनं वही उचलली. पान उघडलं. पेन्सिल एका रकान्यावरून दुसऱ्या रकान्यावर गेली, शेवटपर्यंत गेली, आणि कुठेच टेकली नाही. मग त्यांनी वही मिटून टीव्हीच्या टेबलावर ठेवली आणि चौकोनात, रजनीताईंच्या शेजारी, स्वच्छ पुसलेल्या फरशीवर बसले. घोषालबाबूंनी घड्याळ थांबवलं.

“मंदार, गौरी, ऐका,” सुधाकरराव फोनांकडे बघत म्हणाले. आवाज नोकरीत शेरा वाचून दाखवायचे तसा होता, सपाट. “दोन्ही मशीन परत जातायत. तुमच्या आईला उठता येत नाही. आज नाही, मार्चपासून येत नाही. तिचं ऑपरेशन करायचंय. दोनदा तारीख मिळाली होती, दोन्ही मीच पुढे ढकलल्या. उन्हाचा आणि पावसाचा त्यात काही संबंध नव्हता.”

रजनीताईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांनाही नवीन होतं.

“ती आत असताना बाहेरच्या बाकावर एकट्यानं बसायची मला भीती वाटते,” सुधाकरराव म्हणाले. “तुमच्यापैकी कुणीतरी या.”