पोशट्टी मिस्त्रीचा इलाज

चावी फिरली, पण अर्धीच. उरलेली अर्धी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणात राहिली आणि हणमंतरावांच्या हातात नुसती कडी आली.

नांदेडच्या पंपावर सकाळचे नऊ वाजले होते आणि देगलूरला बारा वाजता नातीचं बारसं होतं. रिटायर्ड हेडमास्तर हणमंतराव आपल्या अठ्ठ्याहत्तर सालच्या ॲम्बॅसिडरमधून निघाले होते. मागच्या सीटवर लाडवांचे डबे आणि कस्तुराबाई. निघतानाच बाईंनी बजावलं होतं, "आज पाळण्याला टायमावर पोचवलं तर ठीक. न्हाई तर उद्या ही गाडी भंगारात." बाई बोलल्या की बोलल्या. त्यांच्या एका शब्दावर आजवर दोन कपाटं आणि एक भाडेकरू घराबाहेर गेला होता.

कुलपाचं झाकण ही हणमंतरावांचीच हौस. कुणीतरी पेट्रोल चोरतं, असा त्यांना वहीम. आता चोराला ते काढता येत नव्हतं हे खरं, पण मालकाला भरताही येत नव्हतं. टाकीत पेट्रोल म्हणाल तर वासापुरतं.

त्यांनी देगलूरच्या पोशट्टी मिस्त्रीला फोन लावला. या गाडीची नाडी त्यालाच कळे. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि घाईत दोन्ही, अशी त्याची बोली. हणमंतरावांना कमी ऐकू येई, म्हणून फोन स्पीकरवर.

"घाबरू नका गुरुजी. जुनं पिळून काढा आन् टाकीवर मूत घाला."

"काय घाला?"

"मूत, मूत. बिना मुताची गाडी हलवू नका."

"कुठलं चालतंय?"

"मापाचं पाहिजे. माझ्याकडं एक हाय, धा वर्षांपासून जपून ठिवलंय. पण तिथं नवं भेटंल की." आणि फोन कटला.

हणमंतराव विचारात पडले. झाकणाचा गंज सोडवायला खारट काहीतरी लागतं, हे शास्त्र त्यांनी मुलांना शिकवलं होतं. पण पंपावर चौघं उभे, आणि गाडी मानाची. तेव्हा गाईचंच बरं.

मागच्या सीटवर कस्तुराबाईंनी तोंडाला पदर लावला होता. "मी काही बोलू का?"

"तुला गाडीतलं काय कळतं?" हे वाक्य चाळीस वर्षं वापरात होतं. बाईंनी पदर तोंडात कोंबला.

पंपामागं पंचफुलाबाईंचा गोठा होता. तिथं हणमंतराव इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, हातात डबडं घेऊन गाईमागं पाऊण तास उभे राहिले. गाय निवांत रवंथ करत होती.

"गुरुजी, ती काय तुमच्या शाळंत हाय का, घंटी वाजली की सुटायला?" पंचफुलाबाई म्हणाल्या.

शेवटी गाईनं दान दिलं. निम्मं डबड्यात, निम्मं इस्त्रीवर.

डबडं झाकणावर रिकामं झालं. झाकण ढिम्म. पंपावरच्या भागवतनं नाकाला रुमाल लावून ते कौतुक पाहिलं, मग फडकं गुंडाळून मोठ्या पान्यानं झाकण पिळलं. कुलूप, चावी, सगळं मुळासकट निघालं.

"बघितलंस? मऊ पडलं," हणमंतराव म्हणाले. टाकी भरून घेत त्यांनी ऐटीत फोन लावला. "पोशट्टी, निघालं रे."

"लई बेस. मूत बसलं का नीट?"

"बसतंय कुठलं? वाहून गेलं सगळं."

"पत्र्याचं मूत वाहून कसं जाईल गुरुजी?"

मागच्या सीटवरून आवाज आला, "आमच्या देगलूरकडं तेलुगूत झाकणाला मूत म्हणतेत."

"मग आधी का न्हाई बोललीस?"

"बोलू का म्हणून इचारलं होतं की."

मग बाईंनीच लाडवांच्या छोट्या डब्याचं झाकण दिलं, भागवतनं त्यावर ट्यूबचा पट्टा आवळला आणि गाडी सुटली. बाराला दोन मिनिटं कमी असताना ती देगलूरला मांडवापाशी लागली. बाईंनी घड्याळ पाहिलं, गाडीच्या टपावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हिला. हिचं काही चुकलं न्हाई."

हणमंतरावांनी श्वास सोडला, तोच मांडवातून पोशट्टी आला. हातात कागदाची पुडी, आवाज गॅरेजातला. "गुरुजी, आणलं बघा. धा वर्षांचं मूत."

लातूरहून आलेल्या पाहुण्यांच्या दोन्ही रांगा वळल्या. आधी पुडीकडं, मग हणमंतरावांच्या कपड्यांकडं.

"अगं, सांग ना ह्यांना," हणमंतराव कुजबुजले. "झाकण हाय म्हणून सांग."

कस्तुराबाईंनी पदर सावरला.

"मी काय सांगू? मला गाडीतलं काय कळतं?"